चौथा आठवडा आणि माळ्यावरची ट्रंक

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझं ब्रेस्ट रिडक्शनचं, म्हणजे स्तन लहान करण्याचं, ऑपरेशन झालं. हे एवढं एक वाक्य तीनदा टाइप करून खोडलं, कारण आमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायका हा ब्लॉग वाचतात आणि त्यांना मी तेव्हा "छोटीशी गाठ होती, काढली" असं सांगून मोकळी झाले होते. गाठबिठ काही नव्हती. आता कळलंच आहे तर वाचा पुढे. ऑपरेशननंतर पुन्हा चालणं, पळणं, सूर्यनमस्कार हे सगळं कधी आणि कसं सुरू करायचं, तेही आपल्यासारख्या घरात राहून, हे मला तेव्हा कुणीतरी मराठीत सांगायला हवं होतं, म्हणून लिहितेय.

आधी थोडं मागचं. दहावीपासूनच माझं वरचं अंग जड. खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांच्या खाचा इतक्या खोल की करंगळी बसेल, उन्हाळ्यात खालच्या घडीत घामाने लाल होऊन कातडं निघायचं, मान तर कायमचीच दुखायची. आपल्याला पळायला आवडतं हे मला एकोणचाळिसाव्या वर्षी वेताळ टेकडीवर कळलं आणि त्यासाठी मी एकावर एक दोन ब्रा घालून वर नवऱ्याचा टीशर्ट अडकवायचे, तरी समोरून येणारे काका लोक जे बघायचे ते बघायचेच. मानेचा एक्सरे, स्किनच्या डॉक्टरांची चिठ्ठी, फिजिओचे कागद असं सगळं जोडूनसुद्धा पॉलिसीवाल्यांनी 'कॉस्मेटिक' असा शिक्का मारून क्लेम परत पाठवला. ठीक आहे, कॉस्मेटिक तर कॉस्मेटिक. एफडी मोडली.

उजवीकडून ६४० ग्रॅम निघालं, डावीकडून ५९०. ताई भेटायला आली तेव्हा म्हणाली, "सव्वा किलो! अगं चक्का असता तर पंधरा माणसांचं श्रीखंड झालं असतं." हसलं की टाके दुखतात हे ज्ञान मला त्या क्षणी झालं.

टाके कसे असतात ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. निपलभोवती एक गोल, तिथून खाली एक उभी रेघ, आणि खालच्या घडीत एक लांब आडवी रेघ, म्हणजे जहाजाचा नांगर काढावा तसा आकार. सगळ्यांचं असंच असतं असं नाही, कमी काढायचं असेल तर आडवी रेघ लागत नाही, पण माझ्यासारख्या केसमध्ये हाच प्रकार जास्त. उभी रेघ आडवीला जिथे मिळते तो कोपरा लक्षात ठेवा. या गोष्टीतला व्हिलन तो कोपरा आहे. (खरं म्हणजे मी आहे, पण ते येईलच.)

डिस्चार्जच्या कागदावर व्यायामाबद्दल एकच ओळ होती, की सहा आठवडे स्ट्रेन्युअस अॅक्टिव्हिटी टाळा. मी आज्ञाधारक बाई, मनात म्हटलं, पळणं बंद, जिम बंद, झालं. आता सांगा, दहा लिटरची पाण्याने भरलेली बादली उचलणं ही अॅक्टिव्हिटी कुणी धरतं का? ती दहा किलोची असते. चार माणसांची कणीक मळणं, ज्यात छातीचे स्नायू अख्खे कामाला लागतात? चादर पिळणं? पाच लिटरचा कुकर भरलेला ओट्यावरून उतरवणं? स्कूटर मेन स्टँडला लावणं? बसमध्ये वरचा दांडा धरून कोथरूड डेपोपर्यंत लोंबकळणं? जिममध्ये दोन किलोचा डंबेल मला कुणी हातात धरू दिला नसता पण घरात मी रोज त्याच्या पाचपट उचलते आणि त्याला व्यायाम म्हणत नाहीत, 'घरातलं थोडंफार' म्हणतात. डॉक्टर मॅडमना नंतर विचारलं तेव्हा त्यांनी सोपं माप दिलं. पहिले सहा आठवडे दोन-अडीच किलोच्या वर काही नाही, म्हणजे दुधाच्या एक लिटरच्या दोन पिशव्या, बास. आणि हे तुम्ही आधी का नाही सांगितलं असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलं पळायचं कधी, मी त्याचं उत्तर दिलं." बरोबरच आहे त्यांचं. मी बादलीबद्दल विचारलंच नव्हतं.

पहिले दोन आठवडे सोपे गेले, कारण दुखतं तेव्हा माणूस आपोआप शहाणा होतो. आत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या दुसऱ्या दिवशी काढल्या. चालायला मात्र ऑपरेशनच्याच संध्याकाळी लावलं, नर्स हाताला धरून बाथरूमपर्यंत आणि परत, आणि घरी आल्यावर दर दोन-तीन तासांनी हॉलमधून बाल्कनीपर्यंत चकरा. चालणं हे लाड म्हणून नसतं, पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, म्हणून चालायचं. पण हळू. पहिल्या दोन आठवड्यांत हार्ट रेट आणि बीपी फार वाढू द्यायचं नाही कारण आतल्या बारीक रक्तवाहिन्या नुकत्याच बंद झालेल्या असतात, प्रेशर वाढलं की पुन्हा वाहू लागून आत रक्त साठू शकतं. माझी कसोटी अशी होती की चालता चालता फोनवर ताईशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागली की थांबायचं. ताईशी बोलताना मला वाक्यच मिळत नाही ही वेगळी अडचण.

हातांबद्दल मात्र मी उलटी चूक केली. घाबरून दोन्ही कोपरं पोटाशी घट्ट धरून, पुढे वाकून चालायचे, एखादी म्हातारी थंडीत चालते तशी. बाराव्या दिवशी फिजिओ बघून म्हणाली, "अहो, असं महिनाभर राहिलात तर छातीच्या आधी खांद्यासाठी माझ्याकडे याल." मग तिने दिलेले बारीकसारीक प्रकार सुरू केले, खांदे गोल फिरवणं, खांद्याची पाती मागे ओढून सोडणं, आणि भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढत जाणं, आधी खांद्याच्या उंचीपर्यंतच, ओढ बसली की तिथेच थांबून खाली. भिंतीवर मी पेन्सिलने खुणा केल्या होत्या, लेकीची उंची मोजायचो त्याच भिंतीवर, तिच्या सहावीच्या खुणेपर्यंत माझी बोटं पोचायला चार आठवडे लागले.

तिसऱ्या आठवड्यात ती धोक्याची गोष्ट झाली, म्हणजे मला बरं वाटायला लागलं. दुखणं जवळजवळ गेलं, गोळ्या बंद, झोप लागायला लागली (पाठीवरच, दोन उशा लावून), आणि मान! वीस वर्षांनी सकाळी उठल्यावर मान दुखत नव्हती. अंगात काय वारं शिरलं सांगू. पार्किंगमध्ये अर्धा-अर्धा तास भराभर चालायचे, पाऊस असायचा म्हणून टेकडी नाही, वॉचमन काका बिचारे दर चकरीला मान हलवायचे.

आणि मग गौरी आल्या.

आमच्याकडे पितळी मुखवटे आहेत, सासूबाईंच्या सासूबाईंचे, ते आणि त्यांचे स्टँड एका पत्र्याच्या ट्रंकेत घालून माळ्यावर ठेवलेले असतात. दुसऱ्या दिवशी आवाहन, नवरा ऑफिसात, लेक क्लासला. ऑपरेशनचा चोविसावा दिवस. सासूबाई म्हणाल्या, "अगं असू दे, तो आला की काढेल." मी म्हटलं, "आई, मला काही होत नाहीये आता." स्टुलावर चढले, दोन्ही हात डोक्याच्या वर, ट्रंक पुढे ओढली, ती अर्धी बाहेर आली आणि एकदम वजन अंगावर आलं तेव्हा ती छातीला टेकवून धरली आणि उतरले. नंतर वजनकाट्यावर ठेवून बघितली, नऊ किलो. तेव्हा काहीसुद्धा दुखलं नाही हे मला मुद्दाम सांगायचंय. डाव्या बाजूला खाली एक चुटकी काढल्यासारखं झालं, बस. मुखवटे चिंचेने घासले, साड्या नेसवल्या, रात्री एक वाजेपर्यंत मखराचं काम केलं.

सकाळी सर्जिकल ब्राच्या डाव्या कपावर खाली पिवळसर लाल डाग. रुपयाएवढा.

गौरीच्या आवाहनाच्या दिवशी मी क्लिनिकमध्ये टेबलवर आडवी होते. तोच तो कोपरा, उभी-आडवी रेघ मिळते तिथे, शेंगदाण्याएवढी फट पडली होती. मॅडम रागावतील असं वाटलं होतं, पण त्या शांतपणे म्हणाल्या की तिथे तीन बाजूंनी ओढलेली कातडी एकत्र येते आणि रक्तपुरवठा सगळ्यात कमी पोचतो, त्यामुळे काहीही न उचलता सुद्धा बऱ्याच जणींची जखम नेमकी तिथेच उघडते. मला जरा हायसं वाटतंय तोवर पुढे म्हणाल्या, "पण तुम्ही मदत केलीत."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. तीन आठवड्यांच्या जखमेची ताकद ही आपल्या मूळ कातडीच्या पाव हिश्श्याच्या आसपास असते. तीन महिन्यांनी ती साधारण ८० टक्क्यांपर्यंत पोचते आणि शंभर टक्के कधीच होत नाही. वरून मात्र तिसऱ्या आठवड्यातच सगळं छान मिटलेलं दिसतं आणि आजूबाजूच्या नसा बधिर असल्यामुळे ताण बसला तरी कळत नाही. म्हणजे दुखणं हा जो आपला अलार्म असतो तोच बंद पडलेला असतो, आणि आपण म्हणतो, बघ, काही होत नाहीये.

टाका पुन्हा घातला नाही, आतून भरून येऊ दे म्हणाल्या. रोज ड्रेसिंग, साडेतीन आठवडे गेले त्यात. चालणं चालू ठेवायचं पण घाम येईल असं काही नाही, आणि पोहणं वगैरे तर जखम पूर्ण मिटेपर्यंत विचारायचं पण नाही. माझं पळणं सहाव्या-सातव्या आठवड्यात सुरू होणार होतं ते दहाव्यावर गेलं. नऊ किलोच्या ट्रंकेपायी एक महिना. सासूबाईंनी एका शब्दाने टोचलं नाही, फक्त पाहुण्या आल्या की सांगायच्या, "मुखवटे यंदा हिनेच काढले हो, एकटीने."

परत सुरू कसं केलं ते आता सांगते, पण हा माझा हिशोब आहे, तुमच्या सर्जनचा वेगळा असू शकतो आणि तुमच्या डॉक्टरांनी तुमची जखम बघितलेली असते, मी नाही. सहाव्या आठवड्यापासून पायांचे व्यायाम, म्हणजे वजन न घेता स्क्वॉट्स, जिना चढणं, आणि सोसायटीच्या जिममधली सायकल, ताठ बसून, हँडलवर हात नुसते टेकवलेले. हँडलवर रेलून बसलं की वजन छातीवर येतं, हे आठवण्यासाठी मी तिथे चिकटपट्टी लावली होती, ती कुणीतरी काढून टाकली. आठव्या आठवड्यात, जखम मिटल्यावर, एक-एक किलोचे डंबेल, तेही कोपरापासून खालचेच प्रकार.

सूर्यनमस्काराचं सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि सगळ्यात कमी समजतं, कारण लोकांना वाटतं योग म्हणजे सौम्य, त्याने काय होणार. बारा स्थिती एकेक करून बघा. दुसऱ्या स्थितीत हात वर करून मागे वाकलं की खालच्या आडव्या व्रणावर सरळ ताण. दंडाच्या स्थितीत अख्खं शरीर हातांवर आणि छातीच्या स्नायूंवर. अष्टांगात तर छाती जमिनीला टेकते, त्यावरच वजन. भुजंगासनात पुन्हा मागे वाकून ओढ. म्हणजे बारातल्या निम्म्या स्थिती नेमक्या नको त्या जागी काम करतात. मी नवव्या आठवड्यापासून अर्धाच करायचे, उभं राहून नमस्कार, हात खांद्याच्या जरा वर, पुढे वाकणं, एक पाय मागे, परत. पूर्ण नमस्कार बाराव्या आठवड्याच्या चेकअपनंतर, आणि तेव्हासुद्धा अष्टांगाऐवजी गुडघे टेकवून. आमच्या योगाच्या बाई म्हणाल्या, "श्वासाकडे लक्ष द्या, शरीर सांगतं." एरवी सांगतही असेल, पण माझ्या छातीचा डावा भाग बधिर होता, तो काय सांगणार.

इम्प्लांट, म्हणजे आकार वाढवायला आत बसवतात ती पिशवी, घातलेल्यांचं थोडं वेगळं असतं. माझ्या ओळखीतल्या एकीचं इम्प्लांट छातीच्या स्नायूच्या खाली बसवलंय, तिला पळायला जवळपास माझ्याएवढ्याच दिवसांत परवानगी मिळाली पण पुशअप्स, बेंच प्रेस असले प्रकार तीन महिन्यांच्या पुढे ढकलले, कारण तोच स्नायू उचलून त्याखाली जागा केलेली असते, तो जोरात आवळला की इम्प्लांट जागचं हलू शकतं. स्नायूच्या वर बसवलेलं असेल तर जरा लवकर जमतं. तर जिममधली मैत्रीण सहाव्या आठवड्यात काय करते ते बघून आपण करू नये, तिचं ऑपरेशनच दुसरं असेल.

आता ब्रा. सहा आठवडे सर्जिकल ब्रा, दिवसरात्र, अंघोळ सोडून. ती धुवायची म्हणून दोन घ्या, पावसाळ्यात तीन, मी हेअर ड्रायरने वाळवत बसायचे. स्पोर्ट्स ब्रा महागाची घ्यायची घाई करू नका कारण सूज महिनोन्महिने उतरत राहते आणि साइज बदलते, मी पाचव्या आठवड्यात हौसेने घेतलेली अठराशेची ब्रा आता लेक घालते. पुढून चेन असलेली घ्या, डोक्यावरून काढायची ब्रा घामात काढताना हात जे वर ओढले जातात ती दिवसातली सगळ्यात जोरकस एक्सरसाइज ठरते. तार नको, ती नेमकी खालच्या व्रणावर बसते. आणि आधार पट्ट्यांनी नाही, खालच्या बँडने मिळतो, बँडखाली दोन बोटं जातील इतपत घट्ट. पळताना स्तन नुसते वर-खाली हलत नाहीत, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे पण हलतात, असा इंग्रजी आठ काढल्यासारखा रस्ता असतो त्यांचा, आणि आत धरून ठेवायला स्नायू नसतो. हे सगळं बायका अनुभवाने जाणून असताना पळण्यासाठीची पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ मध्ये आली, अमेरिकेत, ती पण एका पळणाऱ्या बाईने मैत्रिणींबरोबर मिळून बनवलेली, पुरुष खेळाडू घालतात ते लंगोटासारखे दोन सपोर्टर एकमेकांना जोडून. माणूस चंद्रावर १९६९ ला गेला होता.

सासूबाईंना माझं हे ऑपरेशन आधी अजिबात पटलं नव्हतं, "देवाने दिलंय ते कशाला कापायचं" वगैरे. त्यांना टेनिस बघायला आवडतं, तेव्हा लेकीने त्यांना सिमोना हालेपचं दाखवलं. तिने २००९ मध्ये, सतरा वर्षांची असताना, खेळायला अडचण होते म्हणून हेच ऑपरेशन करून घेतलं होतं, पुढे जगात एक नंबर झाली, २०१८ ची फ्रेंच ओपन आणि २०१९ चं विम्बल्डन जिंकली. विम्बल्डनची ती फायनल, सेरेनाला हरवलं ती, आईंनी लाइव्ह बघितली होती. म्हणाल्या, "हिचं पण? दिसली नाही हो तशी." म्हणजे काय ते मी विचारलं नाही, पण विरोध तिथे संपला.

पळायला दहाव्या आठवड्यात सुरुवात केली, एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा, सपाट ट्रॅकवर. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की माझा तोल बदललाय. इतकी वर्षं पुढच्या वजनाला तोलायला मी मागे कललेली असायचे, आता पुढे वजनच नाही, तरी शरीर जुन्या सवयीने मागेच, त्यामुळे छाती सोडून कंबर दुखली. टेकडीवर चढ चढणं आधी सुरू केलं, उतारावर पळणं अजून नाही, कारण उताराचा प्रत्येक दणका वर पोचतो. पळून आल्यावर थोडी सूज आणि खेचल्यासारखं वाटणं संध्याकाळपर्यंत जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच असलं तर त्या दिवशी सुट्टी, एवढा एकच नियम. मात्र एकच बाजू अचानक फुगली, कडक झाली, लाल-गरम झाली, ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं तर व्यायामाचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टर. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा बसल्या जागी धाप लागली तर क्लिनिकची अपॉइंटमेंट घेत बसू नका, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

डाव्या बाजूचा खालचा एक तळहाताएवढा भाग अजून बधिरच आहे. परत येतं म्हणतात, कधी कधी वर्ष लागतं, कधी पूर्ण येत नाही. मधेच तिथे मुंग्या आल्यासारखं होतं, म्हणजे येतंय बहुतेक. व्यायामानंतर शेकायला गरम पाण्याची पिशवी तिथे अजिबात ठेवत नाही, भाजलं तरी कळणार नाही.

सध्या पंधरावा आठवडा चालू आहे. सलग चार किलोमीटर जमतात, एकाच ब्रामध्ये, आणि माझ्या मापाच्या टीशर्टात. येत्या रविवारी सिंहगड ठरलाय, आतकरवाडीच्या वाटेने. चढताना चालत, उतरताना पण चालतच. पाण्याच्या बाटल्या आणि सॅक नवऱ्याने घ्यायचीय, त्याला अजून सांगितलेलं नाही.